हजरत शिफा (रजि.) आणि निकाहनाम्याचा कागद



या सदरात आपण हजरत खदीजा (रजि.), हजरत आयशा (रजि.), हजरत फातिमा (रजि.) यांच्याविषयी पुष्कळ वाचलं. ही नावं आपल्या घरांत रोज हाका मारायला असतात. आज ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्या हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांचं नाव मात्र घराघरांत कमी आणि दवाखान्यांच्या पाट्यांवर जास्त दिसतं. वर्गात आम्ही विचारलं तर मुली म्हणाल्या, "शिफा म्हणजे मेडिकल ना, आपा?" मुलींचा त्यात काही दोष नाही. आपणच त्यांना हे नाव कधी सांगितलं नाही.

हजरत शिफा (रजि.) मक्केतल्या कुरैश टोळीच्या, त्यातही हजरत उमर (रजि.) यांच्याच बनू अदी घराण्यातल्या. हिजरतीच्या आधीच त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि सुरुवातीच्या काळातच मदीनेला हिजरत केली. त्यांची खास गोष्ट अशी की त्यांना लिहिता येत होतं. आज हे वाचून कुणाला काही वाटणार नाही. पण बलाजुरी या जुन्या इतिहासकारानं नोंदवलंय की इस्लाम आला तेव्हा कुरैशमध्ये लिहिता येणारे पुरुष होते अवघे १७. व्यापारानं श्रीमंत झालेलं, हजच्या दिवसांत गजबजणारं शहर, आणि लिहिणारे पुरुष सतरा! स्त्रिया तर बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यांत शिफा (रजि.) होत्या.

आणि हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. हजरत उमर (रजि.) यांची कन्या, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना त्यांनी लिहायला शिकवलं. अबू दाऊदच्या हदीस संग्रहात एक छोटासा प्रसंग आहे. शिफा (रजि.) हफ्सा (रजि.) यांच्याजवळ बसलेल्या असताना आदरणीय पैगंबर (स.) घरात आले. शिफा (रजि.) यांना 'नमला' नावाच्या त्वचेच्या आजारावरची दुआ, म्हणजे रुकया, येत होती. पैगंबर (स.) त्यांना म्हणाले की जसं हिला लिहायला शिकवलंत तशी ती दुआही का शिकवत नाही? प्रसंग एवढाच. पण शिकवण्याचा पेशा असल्यामुळे आम्ही तो पुन्हापुन्हा वाचतो. घरातली बायको लिहायला शिकते आहे, शिकवायला बाहेरून एक बाई येते, हे पैगंबरांना (स.) माहीत आहे, आणि ते वर आणखी एक विषय वाढवायला सांगतात. 'एवढं शिकून काय करायचंय' हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलेलं दिसत नाही.

हफ्सा (रजि.) यांच्या अक्षरओळखीची गोष्ट पुढेही जाते. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांच्या काळात हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी दिव्य कुरआन लिखित स्वरूपात एकत्र केला. ती पानं अबू बकर (रजि.) यांच्याकडे राहिली, मग उमर (रजि.) यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर हफ्सा (रजि.) यांच्याकडे. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांना प्रती तयार करून प्रांतोप्रांती पाठवायच्या होत्या, तेव्हा ही पानं त्यांनी हफ्सा (रजि.) यांच्याकडून मागवून घेतली आणि काम झाल्यावर त्यांची त्यांना परत केली. मुसलमानांचा सगळ्यात मोलाचा कागद एका स्त्रीच्या घरात सांभाळलेला होता, आणि तिला लिहायला शिकवणारीही एक स्त्रीच होती.

शिफा (रजि.) यांच्याविषयी आणखी एक आठवण इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आहे. एकदा फज्रच्या नमाजला त्यांचे चिरंजीव सुलैमान दिसले नाहीत. उमर (रजि.) तेव्हा खलिफा होते. बाजाराकडे जाताना वाटेत शिफा (रजि.) यांचं घर लागायचं, तिथं थांबून त्यांनी चौकशी केली. आईनं सांगितलं की मुलगा रात्रभर नमाज पढत होता आणि पहाटे त्याचा डोळा लागला. त्यावर उमर (रजि.) म्हणाले की रात्रभर उभं राहण्यापेक्षा फज्रच्या जमातीला हजर राहणं मला जास्त प्रिय आहे. आईनं मुलाची बाजू घेतली, खलिफानं आपलं म्हणणं स्पष्ट सांगितलं, आणि दोघांत परका सूर कुठंच नाही. उमर (रजि.) यांनी बाजाराच्या कामाची काही जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली होती असं काही इतिहासकार लिहितात. सगळे विद्वान ही गोष्ट मान्य करत नाहीत, म्हणून आम्ही तिच्यावर भर देत नाही. तिच्याशिवायही शिफा (रजि.) पुरेशा मोठ्या आहेत.

आता शिवाजी पेठेत येऊ. इथं आपल्या मुली शाळेत मराठी शिकतात, घरात दखनी बोलतात आणि संध्याकाळी मकतबात अरबी वाचतात. तीन भाषा! पण ज्या एका कागदावर त्यांची आयुष्यातली सगळ्यात मोठी सही होते तो निकाहनामा आमच्या बघण्यात बहुतेक वेळा चौथ्याच भाषेत असतो, उर्दूत. काही कागदांवर शेजारी इंग्रजीही असतं, पण हातानं भरलेला मजकूर उर्दूतच. आम्हाला उर्दू येतं हे पेठेत माहीत असल्यामुळे असे कागद वाचून दाखवायला वर्षातून काही वेळा बोलावणं येतं. आणि ते लग्नाआधी कधीच येत नाही. येतं ते भांडण झाल्यावर, माहेरी परत आल्यावर किंवा घरातला पुरुष गेल्यावर. म्हणजे कागद पहिल्यांदा वाचला जातो तो दहा-पंधरा वर्षांनी, आणि तोही परक्या माणसाकडून.

पदवी झालेल्या मुलीला आम्ही विचारतो, "तुझा मेहर किती?" ती आईकडे बघते. आई म्हणते, "यांच्या भावानं ठरवला होता." मोबाईलचा हप्ता, गॅसचं अनुदान, बँकेचं पासबुक हे सगळं तिला तोंडपाठ असतं. स्वतःच्या मेहरचा आकडा तेवढा ठाऊक नसतो.

लग्नाच्या दिवशी काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मंगल कार्यालयात गर्दी, बाहेर बिर्याणीची घाई, व्हिडिओवाला दिवा धरून उभा. इजन घ्यायला वकील आणि दोन गवाह आत येतात. वकील एका दमात बोलतो: अमक्याचा मुलगा अमका, इतका मेहर, सिक्का राइजुल वक्त... मुलगी मान खाली घालून बसलेली. मागून खाला हळूच म्हणते, "हां बोल, बेटा." सही होते. 'सिक्का राइजुल वक्त' म्हणजे आज चालू असलेलं चलन, एवढंच. पण ऐकणाऱ्या मुलीला ती एखादी दुआ वाटते.

कुमारिकेचं मौन म्हणजे तिची संमती, असं हदीसमध्ये आहे, आणि ते सगळ्यांना पाठ असतं. पण ते मौन विचारल्यानंतरचं आहे. जिला काय विचारलंय तेच कळलं नाही तिच्या गप्प बसण्याला संमती कशी म्हणायची? पैगंबरांच्या (स.) काळात हजरत खन्सा बिन्त खिजाम (रजि.) यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध लावून दिला. त्यांचं आधी एक लग्न झालेलं होतं. त्या थेट पैगंबरांकडे (स.) गेल्या, आणि तो निकाह रद्द झाला. बुखारीत ही हदीस आहे. दुसरी एक हकीकत नसाई आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत येते. एक तरुण मुलगी तक्रार घेऊन आली की वडिलांनी आपली पत वाढवायला मला पुतण्याच्या गळ्यात बांधलं. पैगंबरांनी (स.) निर्णय तिच्या हाती दिला. आणि ती म्हणाली की वडिलांनी केलेलं मला मान्य आहे. पण हा हक्क बापाच्या हातात नाही हे बायकांना समजावं म्हणून मी आले! लग्न तिनं मोडलं नाही. इतर बायकांसाठी ती चालत आली. या मुलीचं नावही हदीसमध्ये नाही, पण या सदरात तिच्यावर कधी तरी लिहायचंच होतं.

मेहरकडे वळू, कारण घोटाळा सगळ्यात जास्त तिथंच होतो. मेहर ही स्त्रीची किंमत नाही आणि घटस्फोटाची भरपाईही नाही. सूरह निसाच्या सुरुवातीलाच तो स्त्रियांना आनंदानं द्या असं फर्मान आहे, आणि तो द्यायचा आहे तिला, तिच्या बापाला नव्हे. हजरत अली (रजि.) यांच्याकडे द्यायला काही नव्हतं, तेव्हा त्यांचं चिलखत हाच हजरत फातिमा (रजि.) यांचा मेहर झाला. आपल्याकडे 'मेहर-ए-फातिमी' म्हणतात तो ५०० दिरहमांचा हिशेब, म्हणजे १३१ तोळे ३ मासे चांदी, वजनात साधारण दीड किलो. हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीला मेहरमध्ये बाग मिळाली होती, पुढे त्यांना संसार नको झाला तेव्हा ती बाग परत करून त्या खुलानं मोकळ्या झाल्या. म्हणजे बाग खरोखरच त्यांच्या ताब्यात होती. हातात नसलेली वस्तू परत कशी करणार? आणि आपल्याकडे काय लिहिलं जातं? सातशे शहाऐंशी रुपये. एक हजार एक. लग्नाच्या पत्रिकांचं बिल याच्या कितीतरी पट असतं.

मात्र आकड्यापेक्षाही मोठी अडचण एका शब्दाची आहे. निकाहनाम्यात मेहरच्या पुढे 'मुअज्जल' असं लिहिलेलं असतं. उर्दूत हे दोन वेगवेगळे शब्द आहेत. एक मीम, ऐन, जीम, लाम असा लिहितात. दुसरा मीम, वर हमजा असलेला वाव, जीम, लाम असा. कानाला दोन्ही सारखेच. मराठीत लिहायला गेलं तर दोन्हींचं 'मुअज्जल'च होतं, म्हणून मराठीत भाषांतर करून आणलेल्या कागदावरही फरक दिसत नाही. अर्थ मात्र एकमेकांच्या उलट. ऐनवाला शब्द 'उजलत' म्हणजे घाई या शब्दाचा भाऊ: हा मेहर लगेच द्यायचा, बायको मागेल तेव्हा द्यायचा. वाववाला शब्द 'अजल' म्हणजे मुदत यातून आलेला: हा मेहर नंतर द्यायचा, ठरलेल्या तारखेला, आणि तारीख लिहिलेली नसेल तर आपल्याकडे तो तलाक झाल्यावर किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यावरच देणं होतो. एका अक्षरानं बाईचा पैसा आजचा होतो किंवा तीस वर्षांनंतरचा.

मुलींना लक्षात राहावं म्हणून आम्ही मराठीतच एक खूण सांगतो. ऐन असेल तर 'ऐन वेळी', म्हणजे आत्ताच. वाव असेल तर 'वायदा', म्हणजे पुढचं पुढं. व्याकरणाच्या पंडितांना ही खूण आवडणार नाही. पण परीक्षेला बसलेली मुलगी ती विसरत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणि हे वाचण्यासाठी उर्दूत एम. ए. व्हावं लागत नाही. आपल्या बहुतेक मुलींनी नाजिरा कुरआन पूर्ण केलेला असतो. ऐन कोणता, वाव कोणता, जीम आणि लाम कोणते, हे त्यांना सातव्या वर्षीच माहीत झालेलं असतं. उर्दूत वाढतात ती पे, टे, चे, डाल, गाफ अशी मोजकी अक्षरं. सवय करायला लागते ती दोन गोष्टींची: जेर-जबर नसलेला मजकूर वाचणं आणि नस्तालिक लिपीचं तिरकं वळण. रोज अर्धा तास दिला तर मे महिन्याच्या सुट्टीत एवढं होऊन जातं. ज्या मुली सुट्टीत मेंदीचा क्लास लावतात त्यांनी मेंदी सोडू नये, पण त्याच्या जोडीला हेही करावं.

आमच्या कोल्हापूरला समजून वाचण्याची परंपरा काही परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना दिव्य कुरआन अर्थासह कळावा म्हणून त्याच्या मराठी भाषांतरालाही त्यांनी आर्थिक पाठबळ दिलं. बोर्डिंग मुलांचं होतं, हे खरं. मुलींच्या बाबतीत पाहायचं तर आणखी मागं, पुण्यात जावं लागतं. तिथं सावित्रीबाई फुले यांच्याबरोबर काम करणाऱ्या फातिमा शेख यांच्याविषयी फार थोडा कागद उरलाय. पण १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणात माहेरी, नायगावला असलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना जे पत्र लिहिलं त्यात फातिमाची काळजी आहे: सगळं काम तिच्या एकटीवर पडलं असेल, पण ती कुरकुर करणार नाही. शिफा (रजि.) यांचा पेशा मराठी मुलखात असा पुढे चालला, निदान त्याची एवढी खूण तरी पत्रात राहिली.

विषय पुन्हा कागदाचा. दिव्य कुरआनची सगळ्यात लांब आयत, सूरह बकरामधली २८२ वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लहान असो की मोठा, मुदतीचा व्यवहार लिहायला कंटाळू नका असं तिच्यात सांगितलंय. मेहर हेही नवऱ्यावरचं कर्जच. तो न देता नवरा गेला तर त्याच्या मालमत्तेतून आधी कर्ज फेडायचं आणि त्यानंतर वारसांचे हिस्से करायचे. म्हणजे विधवेला तिचा मेहरही मिळतो आणि वारशातला हिस्साही. पण आपल्याकडे काय चालतं? घरात जनाजा ठेवलेला असताना कुणीतरी म्हातारी येऊन रडणाऱ्या बाईच्या कानात सांगते, "मेहर माफ कर दे, मय्यत पर बोझ रहेगा." त्या क्षणी कुठली बाई नाही म्हणेल? दिव्य कुरआनमध्ये माफीची मुभा आहे, पण तिनं स्वतःच्या खुशीनं सोडला तर. जनाज्याच्या शेजारी बसून घेतलेली माफी खुशीची कशी म्हणायची, हे आम्हाला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. मय्यतवरचं ओझं उतरवायचं असेल तर ते मुलांनी आणि भावांनी मेहर देऊन उतरवावं.

तलाक झाला तर कायदाही या कागदाकडेच बघतो. घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांसंबंधीच्या १९८६ च्या कायद्यात, लग्नात ठरलेली मेहरची रक्कम मिळणं हा तिचा हक्क म्हणून नोंदवला आहे. म्हणजे काजींपुढे जा किंवा न्यायालयात जा, पहिला प्रश्न एकच: काय ठरलं होतं? त्याचं उत्तर त्या कागदात असतं.

निकाहनाम्यात आणखी एक जागा असते, शर्तींची, आणि ती जवळजवळ नेहमी कोरी राहते किंवा तिथं आडवी रेघ मारलेली असते. शरीअतच्या विरुद्ध नाहीत अशा अटी लग्नात ठरवता येतात, आणि ज्या अटींवर निकाह झाला त्या पाळणं सगळ्यांत जरुरीचं, असं पैगंबरांनी (स.) सांगितलंय. बीएडचं एक वर्ष राहिलेल्या मुलीच्या सासरचे तोंडानं म्हणतात, "शिकू द्या की, आम्ही कुठं नको म्हणतोय?" मग ते तिथं लिहायला काय हरकत आहे? लिहायचं म्हटलं की बैठकीत गप्पगार होतं आणि मुलीचा बापच म्हणतो, "जाऊ दे, अविश्वास दाखवल्यासारखं होतं." कर्जाची आयत अविश्वासासाठी उतरली नव्हती. आपल्या माणसांत पुढं वितुष्ट येऊ नये म्हणूनच लिहायचं असतं.

मोठ्यांचा एक आक्षेप आमच्या कानावर आलेला आहे: मुलीला एवढं सगळं सांगितलं तर ती लग्नाआधीच भांडायला लागेल. हजरत आयशा (रजि.) यांची भाची आयशा बिन्त तलहा त्यांच्याकडे राहत असे. गावोगावचे लोक पत्रं आणि भेटवस्तू पाठवत, तेव्हा आयशा (रजि.) तिला सांगत की पत्राचं उत्तर लिही आणि भेटीची परतफेड कर. त्या घरातल्या मुलीच्या हाती कलम होतं आणि परगावच्या लोकांशी पत्रव्यवहारही तिच्याकडे होता. त्यानं घर मोडल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

आता ज्यांच्या घरी येत्या महिन्यांत लग्न आहे त्यांच्यासाठी कामाचं. काजीसाहेबांकडून निकाहनाम्याचा कोरा नमुना आठवडाभर आधी मागून घ्या. मागितला तर देतात. मुलीला तो घरात, निवांत वाचून दाखवा, तिला उर्दू येत नसेल तर येणाऱ्या कुणाकडून. मेहरचा आकडा अंकातही आणि अक्षरातही लिहून घ्या. मुअज्जल ऐनचा की वावचा ते तिला विचारून ठरवा आणि शेजारी साध्या मराठीत 'लगेच' किंवा 'मुदतीनं, अमुक तारखेला' असं लिहायची विनंती करा. निम्मा लगेच आणि निम्मा मुदतीनं असंही ठरवता येतं. चांदी किंवा सोनं ठरलं तर वजन लिहा, रुपये नव्हे. रुपयाचं मोल वीस वर्षांत काय होतं ते आपल्या आयांना विचारा.

आणि ज्यांचं लग्न होऊन वर्षं झाली त्यांनी कपाटातला कागद आज काढून बघावा. मुलीची प्रत बहुतेक वेळा सासऱ्यांच्या फायलीत किंवा भावाकडे असते, ती मागून घ्यावी, एक झेरॉक्स माहेरी ठेवावी. प्रत हरवली असेल तर ज्या काजींनी निकाह लावला त्यांच्या दप्तरात नोंद असते. तारीख, दोघांची नावं आणि गवाहांची नावं सांगितली की नक्कल मिळते. काजीसाहेब हयात नसतील तर त्यांचं दप्तर पुढं कुणाकडे गेलं हे मशिदीच्या ट्रस्टींना विचारावं.